प्रथिनाला लागलेली साखर

मी नागपुरात पीएचडी करत होते. नरखेडजवळच्या आमच्या बागेत झाडाखाली सडलेल्या संत्र्यांतून मी एक जिवाणू वेगळा केला होता. तो एक प्रथिन बाहेर सोडायचा आणि त्यानं संत्र्याची साल विरघळायची. ते प्रथिन वजनानुसार वेगळं करणाऱ्या जेलवर चालवलं, तर त्याची पट्टी हवी त्यापेक्षा बरीच वर. म्हणजे काहीतरी चिकटल्यासारखं ते जड झालं होतं.

माझ्या मार्गदर्शक सरांनी जेल उजेडात धरलं. "काहून वं, हात धूत नाहीस का?"

मी पुन्हा केलं. सरांनी पाणी बदलायला लावलं, बाटल्या बदलायला लावल्या, माझी बसायची जागासुद्धा बदलली. पट्टी हलेना. शेवटी मीच म्हटलं, "सर, प्रथिनाला साखर जोडलेली असेल."

"जिवाणू साखर लावत नाहीत. आम्ही शिकत होतो तेव्हाच ठरलंय ते."

जिवाणूला कोणी कळवलं नसावं.

साखर असली की गुलाबी होतो असा रंग मी वापरला. पेशीच्या आतलं प्रथिन कोरं, बाहेर आलेलं झक्क गुलाबी. सर म्हणाले, साखर जिवाणूच्या खाण्यातली असेल. मी बिनसाखरेच्या खाद्यावर वाढवला, तरी गुलाबीच. लेकाचा स्वतःच साखर बनवून प्रथिनाला चढवत होता. यानंतर सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचा होकार असाच असायचा.

मग मिहानकडच्या एका हॉटेलात परिषद झाली. सरांनी माझी गुलाबी पट्टी भिंतभर मोठी करून दाखवली. "मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, ही साखरच!" टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "प्रथिनात नेमकी कुठे जोडली जाते?"

सरांनी चष्मा पुसला. "ही सांगेल."

साखर कुठे जोडली आहे, त्या तपासणीचा निकाल आदल्याच दिवशी माझ्या हाती आला होता. मी उठले. "सेरीन या अमिनो आम्लावर. सरांना अजून दाखवलं नाही. त्यांच्या मते हे होतच नव्हतं ना."

सभागृह हसलं. सर सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि परतीच्या गाडीत मला बसू दिलं नाही. त्या बाईंनी मात्र मला जेवायला शेजारी बसवलं. पीएचडीनंतरचं काम त्यांच्याकडेच मिळालं.

परिषदेच्या संध्याकाळी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पण तो साखर लावते काहून वं?"

"बाहेर गेल्यावर प्रथिनाला कोणी लवकर तोडू नये म्हणून असेल."

"मंग आपल्या संत्र्याले बी लावून दे ना. माकडं तोडून राहिले."