एका परातीतलं पीठ

स्वाइन फ्लू आला त्या वर्षी माझ्या पर्समध्ये कापराची पुरचुंडी, निलगिरीच्या तेलाची बाटली आणि दोन हिरवे मास्क असायचे. डोक्यात मात्र असा समज, की घोड नदीच्या काठावरची सगळी माणसं माझ्यामुळेच जिवंत आहेत. आज नातवंडं मला घाबरत नाहीत; तेव्हा शाळेतला खडूसुद्धा घाबरायचा.

कळंबपासून आत गेलं की आमचं गाव. शाळा सातवीपर्यंत. पाचवी ते सातवीला विज्ञान मी शिकवायचे. ऑगस्टमध्ये पुण्यातल्या बातम्या ऐकून शाळा काही दिवस बंद होती, ती उघडल्यावर मी राज्यच हातात घेतलं. मैदानावर फक्कीने गोल आखले, एका गोलात एक पोर. साबण दोरीला बांधून नळाला टांगला. कोण शिंकलं की मी खिडकीतून अशी बघायचे, की पुढची शिंक त्याच्या नाकातच मरायची. मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, साथ जाईल, पण पोरं तुमचा धसका घेऊन बसतील." मला ती स्तुती वाटायची.

दिवाळीची सुट्टी जवळ आली तसा प्रश्न आला भाकरीच्या दिवसाचा. आमच्या शाळेची ही जुनी रीत. सुट्टीआधी शेवटच्या दिवशी प्रत्येक पोराने घरून एक भाकरी आणायची. सगळ्या भाकऱ्या एकाच पाटीत पडायच्या. खिचडी शिजवणाऱ्या मावशी पाटी चांगली हलवायच्या, मग पाटी पंगतीतून फिरायची. हाताला येईल ती भाकरी घ्यायची, शाळेतल्या पिठल्याबरोबर खायची. कुणाच्या घरची कुणाला आली, विचारायचं नाही. नव्वदच्या दशकात मी पुण्याहून इथे बदलून आले तेव्हा मला वाटलं, वा, मावशींचा भाकऱ्या थापायचा त्रास वाचवायला काय युक्ती काढली आहे! इतकी मी हुशार. वरच्या आळीची भाकरी विहाराजवळच्या वस्तीत जाते आणि वस्तीतली वरच्या आळीत, हे कळायला मला चार दिवाळ्या लागल्या.

त्या वर्षी मी जाहीर केलं, भाकरीचा दिवस बंद. ज्याने त्याने आपला डबा आपल्या गोलात बसून खायचा.

आणि त्याच आठवड्यात मी तो पराक्रम केला. सातवीतली एक मुलगी, विहाराजवळच्या वस्तीतली, सोमवारी सारखी खोकत होती. डोळे लाल. मी तिला उभं केलं, लाल शाईने चिठ्ठी लिहिली, 'स्वाइन फ्लूची संशयित', आणि वर्गाला मोठ्याने वाचून दाखवली. का वाचली? अक्षर सुंदर आलं होतं म्हणून असेल. ती दप्तर उचलून खाली मान घालून गेली.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बाजरी काढली का घरी?" काढली होती. रविवारभर मळणीयंत्राशेजारी पोती धरून उभी होती पोरगी. अंगभर धूळ, घशात धूळ. ताप नाही, काही नाही. गावातल्या कुठल्याही शेंबड्या पोराने सांगितलं असतं. विज्ञानाच्या बाईंना कळलं नाही.

पण चिठ्ठी माझ्या आधी गावात फिरली होती. डेअरीवर त्यांचं दूध घेईनात. नळावर तिच्या आईची घागर बघून बायका मागे सरकल्या. मी घाईघाईने हिरव्या शाईने दुसरी चिठ्ठी लिहिली, 'विद्यार्थिनी पूर्णपणे निरोगी आहे', आणि फलकावर लावली. ती कुणी वाचली नाही. एक शेळी आली आणि कोपरा खाऊन गेली.

मग मी त्यांच्या घरी गेले. आईने बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. मी म्हटलं, "माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "तुमचं चुकलं ते धा मिंटाचं व्हतं बाई. खोकल्याला औषध असतंय. लोकं दुसऱ्याच कशाला तरी भेली, आन त्यांना तुमची चिठ्ठी सापडली." त्या पुढे म्हणाल्या, "आमच्यात शाळा सोडत न्हाईत. पण ही शाळा सोडता येती. सुट्टीनंतर तिला मामाकडं चिंचवडला धाडते. दाखला काढून ठिवा." मुलगी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी ते मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी दाखला लिहायला घेतला आणि एवढंच म्हणाले, "शाई निळीच वापरतो."

दुसऱ्या दिवशी सातवीची मॉनिटर उठली. पाटलांच्या घरची, जीभ कोयत्यासारखी.

"बाई, रोजची खिचडी आमी एकाच पातेल्यातली खातो ना?"

"खिचडी शिजवलेली असते. उष्णतेने जंतू मरतात. मागच्या महिन्यात शिकवलंय."

"मग भाकरी नको आणायला. मूठभर पीठ आणतो. मावशी हितं भाजतील. जंतू मरतील का नाय?"

माझाच धडा माझ्या गळ्यात. "मरतील," म्हटलं.

"सगळ्यांचं पीठ एकाच परातीत," ती म्हणाली. "एकसुद्धा घर सोडायचं नाय."

शेवटचा दिवस आला. मैदानात मावशींनी चूल पेटवली, पिठलं रटरटत होतं. मोठी परात ठेवली. पोरं फक्कीच्या गोलांतून एकेक पुढे सरकत होती. साबणाने हात धुवायचे, पिशवी परातीत मोकळी करायची, परत आपल्या गोलात. बाजरीचं, ज्वारीचं, एकाने तर गव्हाचं आणलं, त्याला हशा पडला. सगळ्यांची पाळी झाली. मावशींनी तांब्या उचलला.

"पाणी घालू नका," मॉनिटर म्हणाली. "अजून एक घर यायचंय."

मावशींनी तांब्या खाली ठेवला.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी चपला घालू लागले, तर ती म्हणाली, "तुमी नका जाऊ बाई. तुमी कुणाच्या दारात गेला की गावाला वाटतं, हितं कोणतरी आजारी हाय." पंगतीत खुसखुस झाली. मी चपला काढल्या.

"तिला निरोप दिलाय का?" मी विचारलं.

"काल सांगितलंय. यायचं का न्हाई, ते तिचं ती बघंल. आपण थांबायचं."

आणि ती पोरं थांबली. पहिलीतली चिमुरडी, पाचवीतली वांड, सगळी. समोर पिठल्याचा वास, पोटात कावळे, आणि एकही पोर गोलाच्या बाहेर नाही. ज्यांना मी दोन महिने ओरडून ओरडून अंतर पाळायला शिकवत होते, ती आज कुणी न सांगता उभी होती. मी आयुष्यात देवळं पाहिली, लेणी पाहिली, शिवनेरी चढले. पण तसं गप्प मला कुठे व्हावं लागलं नाही. मुख्याध्यापकांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. ज्या घरांनी नळावर घागर मागे ओढली होती, त्याच घरांची ही लेकरं, एका मुठीसाठी उपाशी उभी.

फाटक वाजलं. पुढे आई, मागे मुलगी, हातात स्टीलचा डबा. आई फाटकातच थबकल्या. परातीकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं.

"आमचं सगळ्यात शेवटी टाकायचं व्हय?" त्या म्हणाल्या. "म्हंजी वरच्या वर काढून बाजूला सारता येतंय."

मुलीने पुढे येऊन डबा मोकळा केला. वर करड्या बाजरीचा ढीग, वेगळा उठून दिसणारा. मॉनिटर परातीशी गुडघ्यावर बसली, कोपरापर्यंत दोन्ही हात पिठात घातले आणि ढवळलं, खालचं वर, वरचं खाली. मग त्या मुलीचा हात धरून तोही आत घातला. दोघी ढवळत राहिल्या. थांबल्या तेव्हा परातीत एकच रंग होता.

"आता काढून दाखवा, काकू," मॉनिटर म्हणाली.

काकू हसल्या नाहीत. पण फाटकातून आत आल्या.

मला वाटलं, आता निदान पीठ तरी मी मळावं, प्रायश्चित्त म्हणून. बसले, पाणी ओतलं, भाकरी थापली. उचलली तर तिचे तीन तुकडे. पोरं गोलांत लोळायची बाकी होती. दुसरी थापली, ती तव्यावर जाताना दुमडली.

"पुण्यात काय खाता वो तुमी?" मुलीच्या आईने विचारलं. "सरका तिकडं. लेकरं भुकेजलीत." त्यांनी पदर खोचला, माझ्या जागी बसल्या आणि थापायला लागल्या. टप, टप, टप. चंद्रासारख्या भाकऱ्या निघू लागल्या. पाटी फिरली, पोरांनी हाताला येईल ती घेतली. माझ्या तुकड्यांची भाकरी मलाच मिळाली, हे मॉनिटरचं काम होतं, मला पक्कं ठाऊक आहे.

जेवणं होत आली तसे मुख्याध्यापक निळ्या शाईचा दाखला घेऊन चुलीपाशी आले. जड आवाजात म्हणाले, "तयार आहे. नेता का?"

मुलीच्या आईने वर पाहिलं. दोन्ही हात पिठाने भरलेले. मुलगी मॉनिटरच्या शेजारच्या गोलात बसून पिठलं पुसून खात होती.

"आत्ता कुठं धरू, गुरुजी?" त्या म्हणाल्या. "हात पिठाचं हायेत. ठिवा तुमच्याकडंच."

दाखला कपाटात राहिला. त्यांनी तो मे महिन्यात नेला, सातवी पास झाल्याच्या गुणपत्रिकेबरोबर.