शैलाताईंचं दुखणं

महिन्यातून दोन-तीन दिवस शैलाताई घरभराचे कपडे इस्त्रीला काढायच्या. उशांचे अभ्रे, पंचे, सासऱ्यांचे पायजमे, काही म्हणून सोडायच्या नाहीत. लग्न होऊन मी कळव्याच्या त्या घरात आले तेव्हा मला वाटलं, माझ्या या मोठ्या जाऊबाईंना टापटिपीचं वेडच असावं. एकदा चहा घेऊन आत गेले, तर त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. इस्त्रीने तापवलेला पंचा घडी करून ओटीपोटावर धरलेला, डोळे मिटलेले. माझी चाहूल लागताच पंचा बाजूला ठेवून म्हणाल्या, "होतंय कमी."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. चेहरा पांढरा पडलेला असला, तरी कुणी विचारलं की "होतंय कमी." एरवी बाई मोठ्या बोलक्या. जवळच्याच एका शाळेच्या ऑफिसात कारकून होत्या. संध्याकाळी घरी आल्या की भाजी निवडता निवडता शाळेतल्या गमती सांगायच्या. मुख्याध्यापकांची नक्कल तर अशी करायच्या, की सासरे पेपर बाजूला ठेवून ऐकत बसायचे.

त्यांना मूल झालं नाही. नवससायास झाले, औषधं झाली. पाळीत अंगावरून इतकं जायचं, की पुढे डॉक्टरांनी पिशवीच काढायला सांगितली. ती काढली तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती, आणि दुखणं तरीही पुरतं गेलं नाही. नेमकं काय झालंय हे कुणी समजावून सांगितलं नाही आणि घरातून कुणी विचारलंही नाही. सासूबाई तोंडावर काही बोलत नसत, पण पाहुण्यांपाशी म्हणत, मोठीचं जरा नाटकच असतं. पिशवी काढण्याआधी एका वर्षी गावी गणपतीत त्यांची पाळी आली. आत मोदकांची घाई, आणि या बाहेर पडवीत पोट दाबून वाकून बसलेल्या. काम टाळायला बरं निमित्त मिळालं, असं एक चुलत सासूबाई त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलल्या. शैलाताई शेजारच्या मुलांना गोष्ट सांगत होत्या, ती त्यांनी तशीच पुढे चालू ठेवली.

माझंही पोट दुखायचं. लग्नाआधीपासूनच, पण वर्षागणिक वाढत गेलं. पाळीच्या दिवसांत उलट्या व्हायच्या, कंबरेपासून मांडीपर्यंत कळ उतरायची. सोनोग्राफीत काही दिसलं नव्हतं, म्हणून मीही गोळ्या घेऊन गप्प राहायचे. एका सकाळी मी संडासातून बाहेर आले आणि दाराला धरून उभी राहिले. शैलाताई ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि हळूच विचारलं, "आत बसल्यावरही दुखतं का गं? सुरी फिरवल्यासारखं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली. मग त्यांनी आणखीही एक विचारलं, नवराबायकोतलं, माझ्याकडे न बघता. त्याचंही उत्तर होच होतं. त्यांनी शाळेत फोन करून रजा टाकली आणि मला ठाण्याला एका डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेल्या.

डॉक्टर शांतपणे एकेक विचारत गेल्या. दुखण्यामुळे कामं अडतात का, पाळी नसतानाही दुखतं का, थकवा येतो का. मी उत्तरं देत होते आणि माझ्या शेजारी शैलाताई प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होत्या. त्यांचं त्यांना कळतही नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर, आजूबाजूला वाढतो. साध्या सोनोग्राफीत तो दरवेळी दिसतोच असं नाही. त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. तपासण्या करून बघू, पण लक्षणं त्याचीच वाटतात, औषधांनी आराम पडू शकतो, असं त्या म्हणाल्या.

"पिशवी काढली की जातो का हा?" शैलाताईंनी विचारलं.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नेहमी नाही. बाहेरचा थर राहिला असेल तर दुखत राहू शकतं."

"आणि मूल न होणं?"

"तेही यामुळे होऊ शकतं. तुम्हाला तपासल्याशिवाय मी सांगू शकणार नाही. पण तुम्हीही येऊन जा."

बाहेर पडल्यावर त्या स्टेशनकडे वळल्याच नाहीत. तलावपाळीवर जाऊन तळ्याच्या कठड्यावर बसल्या. "मी नाटक नव्हते गं करत," एवढंच म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. येणारेजाणारे बघत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

घरी त्यांनी भाऊजींना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. भाऊजी माणूस वाईट नाही, पण ते म्हणाले, आता ते उकरून काय मिळणार? माझी औषधं सुरू झाली आणि मला बराच आराम पडला. गोळी घेतली का, हे त्या रोज विचारायच्या. स्वतः मात्र डॉक्टरांकडे परत गेल्या नाहीत. आता राहिलंय काय, म्हणायच्या. शाळेत पोट दुखतंय, घरी सोडा, असं सांगायला एखादी मुलगी पुन्हापुन्हा आली, की तिच्या आईला ऑफिसात बोलावून घ्यायच्या. "रडते म्हणून ओरडू नका. दाखवून आणा, आणि ती काय सांगते ते डॉक्टरांसमोर तिलाच बोलू द्या." एकदोघी आया चिडल्या. बाकीच्यांनी ऐकलं.

गेल्या वर्षी शाळेतून येताना जिन्यातच त्यांना हार्ट अटॅक आला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला आलेले पाहुणे गेल्यावर मी भांडी आवरत होते. सासूबाईंनी मला हाक मारली. त्या आता फारशा उठत नाहीत. "तिला खरंच दुखायचं का गं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांना सोपं करून सांगितलं.

"मलाही दुखायचं," त्या म्हणाल्या. "अगदी जीव जायचा. आईने बजावलं होतं, सासरी हे बोलायचं नाही."

मी त्यांच्याजवळ बसले. एवढ्या आयुष्यात हे बोलायला त्यांना कुणी मिळालं नव्हतं. आणि जिला ते सगळ्यात आधी समजलं असतं, ती शेजारच्या खोलीत इतकी वर्षं राहून गेली होती.