वाणाटी

रूपलीबाई लग्न होऊन शहाद्याला आली ते साल छत्तीस असावं. तिचं माहेर धडगावच्या वरच्या अंगाला, जिथं एका घरातून हाक मारली की दुसरं घर समोरच्या टेकडीवरून ओ देतं. नवरा करमसिंग कापसाच्या जिनात हमाली करायचा, सासू तुळशीबाई गवताचे भारे विकायची. हळद पुरती उतरली नव्हती तोच सासूनं सुनेच्या डोक्यावर भारा दिला आणि तिला वाण्यांच्या गल्लीत नेलं.

चुनीलाल शेठच्या दारात त्याची बायको कौसाबाई उभी होती. "नवी दिसस वं. कोठे ऱ्हास?"

रूपली सासूकडं बघू लागली.

"भिलाटीमा," सासूच म्हणाली.

परतताना रूपलीनं आपल्या भिलीत विचारलं, "भिलाटी म्हणजे काय?"

"भिल राहतात ती भिलाटी."

"मग आमचा अख्खा डोंगर भिलाटीच की!"

"डोंगरात कोण म्हणेल? तिथं सगळे आपणच. हे नाव गावानं ठेवलंय, गावाच्या कडेला राहणाऱ्यांना."

मग तो शब्द तिला जिथंतिथं ऐकू येऊ लागला. जिनातला मुकादम "भिलाटीतून दोन माणसं आण" म्हणायचा, तेव्हा तो नुसता पत्ता असायचा. कोंबडी चोरीला गेली की शिपाई "पहिले भिलाटी पाहा" म्हणायचा, तेव्हा तो आरोप व्हायचा. केस विस्कटलेल्या लेकीला एखादी आई "भिलाटीतली दिसस" म्हणायची, तेव्हा ती शिवी. आणि भारे विकून दमलेली सासू "चल, आपल्या भिलाटीत जाऊ" म्हणायची, तेव्हा त्याच शब्दाला चुलीची ऊब यायची.

"मग वाणी राहतात ती वाणाटी," रूपली एक दिवस बोलून गेली. तुळशीबाई इतकी हसली की डोक्यावरचा भारा घसरला. आठवडा गेला नाही तोच सगळी भिलाटी म्हणू लागली, "वाणाटीत जाऊन येते," "वाणाटीत आज तूप कढतंय."

शब्दाला पाय फुटले, तो चुनीलालच्या कानी गेला.

"आमना गल्लीले वाणाटी कोन म्हनस वं?"

"मी म्हनस, शेठ," रूपली सरळ म्हणाली. "वाणी ऱ्हातस ना आठे?"

"हाई पेठ शे, पेठ! उचल तुन्हा भारा, परत दारशी येऊ नको!"

रूपली भारा घेऊन घरी आली. सासू आता चांगलीच सोलणार. पण तुळशीबाईनं ऐकून घेतलं आणि शेजारच्या बायकांना जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून भिलाटीतलं गवत शेठच्या दारी जाईना. शेठची गाय हंबरू लागली, दूध आटलं.

अखेर कौसाबाई स्वतः मधला नाला ओलांडून भिलाटीत आली. ती पहिल्यांदाच इकडं येत होती. रूपलीला वाटलं, भांडायलाच आली.

"गाय वरडी ऱ्हायनी, बई," कौसाबाई म्हणाली. "शेठनी जीभ मोठी शे, पन गायनं पोट तिन्हापेक्षा मोठं."

रूपलीनं लिंबाखाली बाज टाकली. कौसाबाई बसली. सारवलेली अंगणं, भिंतीवरची पांढरी चित्रं बघत राहिली. "माले वाटे, आठे..." म्हणाली आणि थांबली.

"काय वाटे?"

"काही नही. लोके काहीबी सांगतस." तुळशीबाईनं भारा बांधून दिला तशी ती उठली. "शेठनी इचारं तं सांगसू, वाणाटीनी बाई भिलाटीमा जाई उनी!"

अंगणभर हशा पिकला.

शेठ चार दिवस फुगून बसला. मग एकदा परगावच्या गिऱ्हाइकाला तोच सांगताना ऐकू आला, "मन्हं दुकान? वाणाटीमा शे, भाऊ." शिपायाची खोड मात्र गेली नाही. कोंबडी हरवली की तो नाल्यापलीकडंच यायचा. रूपली त्याला पाणी द्यायची आणि विचारायची, "वाणाटी पाही उना का?"

होळीला कौसाबाई शेजारणींना घेऊन ढोल ऐकायला आली. रूपलीनं तिचा हात धरून फेरात ओढलं. शेठाणी नाही नाही म्हणत लाजली, पदर खोचला आणि नाचायला लागली. पाऊल चुकत होतं, पण थांबली मात्र नाही.