कर्फ्यू उठल्यावर

शेजारचे सरदारजी संध्याकाळी दारात येऊन म्हणाले, "आओ जी, बाहर बैठते हैं. गरम जलेबी लाया हूँ."

मी जबाबदार नागरिकाच्या आवाजात म्हणालो, "कर्फ्यू में बाहर कैसे बैठें?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या पुडीकडे. "तो ये जलेबी क्या घर में उगी है? ओ जी, कर्फ्यू तो कब का हट गया!"

ते पोट धरून हसले, मीही हसलो. आत स्वयंपाकघरात मात्र भांड्यांचा आवाज थांबला. एरवी माझी अशी फजिती बायको चार दिवस पुरवून हसते. त्या दिवशी ती हसली नाही.

पंजाबातल्या दहशतीची ती वर्षं. अंधार पडायच्या आत चंदीगड घरात शिरायचं. हवाई दलाच्या कचेरीतल्या नोकरीपायी आम्ही दोघंच तिथे होतो, मुलं शिकायला पुण्यात भावाकडे. त्यातच माझं हृदय थकलं. झटका वगैरे रुबाबदार काही नाही. गच्चीवर पाणी चढवणारा जुना पंप कसा कण्हत चालतो, तसं. पाय सुजायचे, जिना चढताना दम लागायचा. गोळ्यांनी सूज उतरली आणि सगळे म्हणाले, बरे झालात.

मी बरा झालो नव्हतो. एकच गोष्ट तीन लग्नांत सांगून तिन्ही वेळा दाद घेणारा माणूस मी. आता खिडकीपाशी तासन् तास गप्प बसायचो. पुण्याहून मुलांचा फोन आला तरी "आईशी बोला" म्हणायचो. पण हे कुणाला खटकणार? सगळं शहरच घरात बसलेलं. तोंड लपवायला इतकी सोयीची जागा मला दुसरीकडे मिळाली नसती.

जलेबीच्या त्याच आठवड्यात इस्पितळात तपासणी होती. तिथली एक तरुण डॉक्टरीण हृदय अशक्त झालेल्यांचं मन का खचतं यावर संशोधन करत होती. आता म्हणे या विषयावर ढिगानं लिहिलं जातं. तेव्हा तिचे वरिष्ठ माझा पाय दाबून सूज बघायचे आणि "ठीक है" म्हणून पुढच्या खाटेकडे वळायचे.

"नींद आती है?" तिनं विचारलं.

"इन दिनों किसे आती है, डॉक्टर साहब?"

"बाहर जाते हैं?"

"माहौल देखा है आपने?"

"किसी से मिलने का मन करता है?"

"मिलने वाले ही घर से नहीं निकलते!"

ती हसली. मी खूश. किती तरी दिवसांनी मी कुणाला हसवलं होतं. ती आता पेन खिशाला लावून उठणार, तेवढ्यात शेजारी बसलेली बायको बोलली. आपली हिंदी चुकते म्हणून घराबाहेर तोंड न उघडणारी माझी बायको.

"डॉक्टरजी, कर्फ्यू हट गया तो सब लोग बाहर आया. ये नहीं आया."

डॉक्टरीण पुन्हा बसली. खुर्ची जवळ ओढून तिनं तोच शेवटचा प्रश्न परत विचारला, हळू आवाजात. मी विनोद शोधला. सापडला नाही.

"नहीं करता," मी म्हणालो.

एवढंच बोलायला मला पायाची सूज उतरायला लागला त्याहून जास्त वेळ लागला होता. ती म्हणाली, पायाला सूज येते तसंच हेही आजाराबरोबर येतं, आणि यालाही इलाज आहे. दर आठवड्याला येऊन तिच्याशी बोलायचं.

परतताना आम्ही रिक्षा केली. घराच्या वळणावर बायको म्हणाली, "उद्यापासून दूध तुम्ही आणायचं. येताना कुणाशी तरी बोलून यायचं, आणि काय बोललात ते मला सांगायचं. वाढवून सांगितलंत तरी चालेल. किती दिवस झाले हो, घरात मला कुणी काही सांगतच नाही."