तीन गावांचा तांडेल

अरबी समुद्रातला प्रत्येक मासा आपल्या परवानगीनेच मोठा होतो, असे मानणारे एकच गृहस्थ माझ्या माहितीत आहेत. ते म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या भावाचे सासरे. वटारच्या पलीकडे, बागा संपून खाडीचे तोंड लागते, तिथल्या कोळीवाड्यात ते राहतात. होडी चालवणाऱ्या मुख्य माणसाला तांडेल म्हणतात. यांनी होडी धाकट्या भावाच्या हाती देऊन बरीच वर्षे झाली, पण गाव, नातेवाईक आणि मत्स्यखात्यातले कारकून अजून त्यांना तांडेल असेच म्हणतात. एकदा त्यांच्या नावाने आलेले पत्र पोस्टमनने तीन घरे फिरवले, कारण त्यांचे खरे नाव काय हे शेजाऱ्यांना आठवेना.

तांडेलांकडे सागाची एक काठी आहे. कोणता मासा किती लांबीच्या आत धरायचा नाही, हे सरकारने ठरवून दिलेले आहे. ती यादी बहुतेकांनी वाचलेली नाही आणि ज्यांनी वाचली त्यांनी ती विसरण्याची काळजी घेतली आहे. तांडेलांनी ती काठीवर कोरून घेतली. पापलेटची खाच वेगळी, हलव्याची वेगळी, सुरमईची वेगळी. ही काठी घेऊन ते विरारच्या मासळी बाजारात शिरले की टोपल्यांवर ओली फडकी पडू लागतात. शेजारच्या उत्तरेकडच्या गावची हिराबाई तिथे पाटावर बसते. तिचा आवाज रिक्षा स्टँडपर्यंत जातो. ती ओरडते, "आला बगा शाळा तपासनीस! पोरं उभी करू काय रं तांडेल?" तांडेल शांतपणे म्हणतात, "उभी कर. आडवी केलीस म्हनून तर यावं लागतं." मग ते फडके उचलतात, मोजतात, आणि मान हलवून पुढच्या पाटाकडे जातात. ते कधीच काही विकत घेत नाहीत, हा हिराबाईचा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

माझा मेहुणा फुलपाड्याला फ्लॅटमध्ये राहतो. एका रविवारी सासरे जेवायला येणार म्हणून त्याने पापलेट आणले. पान वाढल्यावर तांडेलांनी तळलेला मासा काठीला लावला, थोडा विचार केला आणि ताट बाजूला सरकवले. "हे बाळ हाय," ते म्हणाले. त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, आता तळलंय ते. परत पाण्यात सोडू का?" तांडेल म्हणाले, "तळल्यावर किती आकसते ते धरून बोलतोय." त्या दिवशी त्यांनी वरणभात खाल्ला. मेहुण्याने ते पापलेट खाल्ले, पण दाराकडे पाठ करून. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी कोणी बसत नाही. गाबोळीची भाजी असेल तर ते उठून यजमानाकडे जातात आणि समोरच्या पातेल्यात अंदाजे किती मासे जन्माला यायचे राहिले, याची कल्पना देतात. त्यांना लग्नाला न बोलावणे बरे दिसत नाही आणि बोलावणे परवडत नाही, असे नातेवाइकांचे मत आहे.

एवढ्यावर थांबले असते तर ते केवळ एक त्रासदायक गृहस्थ म्हणून राहिले असते. पण आपल्या गावाने लहान मासा सोडून दिला तर तो पोहत पुढच्या गावाच्या जाळ्यात जातो, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली. तेव्हा त्यांनी तीन गावांना एकत्र आणायचे ठरवले. त्यांचे गाव, उत्तरेचे हिराबाईचे गाव आणि दक्षिणेचे एक गाव यांच्यात समुद्रात जाळ्याचे खुंट कोणी कुठे ठोकायचे यावरून इतका जुना वाद आहे की तो कोणी सुरू केला यावरही वाद आहे. कोणीही दुसऱ्याच्या गावात बैठकीला जाईना. शेवटी वटारच्या एका निवृत्त कॅथलिक शिक्षकांनी आपली केळीची बाग दिली. त्यांची निवड एकमताने झाली, कारण त्यांच्याकडे होडी नव्हती आणि त्यांना पोहता येत नव्हते. तिन्ही गावांनी आपापल्या खुर्च्या आणि आपापले पिण्याचे पाणी आणले. पहिल्या दोन बैठका अध्यक्ष कोण यावर गेल्या. तिसऱ्या बैठकीत तांडेल म्हणाले, "अध्यक्ष नकोच. मी पयला बोलीन आनि शेवटी बोलीन. मधी सगळे समान." हे सर्वांना न्याय्य वाटले. आपण नेमके काय मान्य केले, हे त्यांच्या उशिरा लक्षात आले.

करार झाला. शिक्षकांनी तो सुवाच्य अक्षरात लिहिला. बारीक आसाचे, म्हणजे लहान भोकांचे, जाळे वापरायचे नाही, लहान मासळी किनाऱ्यावर आणायची नाही, आणि बाहेरून येऊन किनाऱ्यालगत मोठे गोल जाळे टाकणाऱ्या पर्ससीन बोटींवर तिघांनी मिळून नजर ठेवायची. शिक्षा तांडेलांनी सुचवली. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचा काळ सुरू होण्याआधी सगळ्या होड्या वाळूवर ओढून शाकारतात. एक होडी ओढायला तीसचाळीस माणसे लागतात, म्हणून सगळे गाव सगळ्यांच्या होड्या ओढते. करार मोडणाऱ्याची होडी ओढायला त्या वर्षी तिन्ही गावांतला एकही माणूस हात लावणार नाही, असे कलम घातले गेले. हिराबाईने विचारले, "भावकीनं बी नाय?" तांडेल म्हणाले, "भावकीनं आदी नाय." शिक्षकांनी तेही लिहून घेतले.

पहिली गस्त एका दुपारी निघाली. प्रत्येक गावाची एक होडी. अनोळखी होडी दिसली, ती जवळ आली आणि तिच्यावर जाळे पसरलेले नसले, तर ते लपवले आहे असा संशय घ्यायचा आणि वेढा घालायचा, अशी तांडेलांची सूचना होती. गस्तीच्या होड्यांवर अर्थातच जाळी नव्हती. शिवाय प्रत्येक गावाने आपल्या माणसांना दुसऱ्या दोघांवरही लक्ष ठेवायला खासगीत सांगितले होते. परिणामी तिन्ही होड्यांनी एकमेकींना वेढा घातला. "तुमी कोन?" "तुमी कोन ते आदी सांगा." "आमी गस्त." "गस्त आमी हाव!" हे संभाषण तांडेलांनी किनाऱ्यावरून फोनवर ऐकले. ते ओहोटी लागेपर्यंत चालले. त्या अवधीत एक पर्ससीन बोट शांतपणे आपले काम उरकून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी तांडेलांना गस्तीबद्दल विचारले. ते म्हणाले, "चांगली झाली. एक बी होडी सुटली नाय."

पण त्यानंतर त्यांनी प्रत्येक होडीवर तिन्ही गावांतला एकेक माणूस बसवला. भांडण करायचे तर आता एकाच होडीत करावे लागे आणि ते करता करता समुद्र दिसत राही. महिनाभरात त्यांनी एक बाहेरची बोट घेरली आणि मत्स्यखात्याची बोट येईपर्यंत हलू दिली नाही. दक्षिणेच्या गावाने त्या दिवशी उत्तरेच्या गावाला चहा पाजला. वादाच्या इतिहासात हे प्रथमच घडले, असे म्हणतात. बाजारात हिराबाई फडके न टाकता बसू लागली.

होड्या ओढायला काही आठवडे राहिले असताना जनाची होडी किनाऱ्याला लागली. जना म्हणजे तांडेलांचा धाकटा भाऊ. होडी वडिलांनी दोघांच्या नावे ठेवलेली. हिराबाई माल घ्यायला आणि तांडेल काठी घेऊन तिथे उभे होते. जनाने ताडपत्री काढली तर खालच्या टोपलीत बोटाएवढी पापलेटे होती. हिराबाई एरवी ज्या आवाजात बोलते त्या आवाजात बोलली असती तर सोपे झाले असते. तिने फक्त तांडेलांकडे पाहिले. आता तांडेल काय करतात यावर करार राहणार की जाणार हे अवलंबून होते, आणि हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होते.

तांडेलांनी एक मासा मोजला. मग दुसरा. मग टोपली वाळूवर पालथी करून सगळे मोजले. इतके मोजण्याची गरज नव्हती.

"जना, ही कुटून आली?"

"जाल्यात आली, दादा. मी काय आवतन दिलं व्हतं?"

"जालं दाव."

तांडेलांनी जाळ्याच्या आसात अंगठा घालून पाहिला. अंगठा शिरेना.

"दादा, होडी तुजी बी हाय. बाबानं दोगांना दिली."

"म्हनूनच," तांडेल म्हणाले. मग ते हिराबाईकडे वळून म्हणाले, "मास्तरला सांग, लिवून घे."

होड्या ओढण्याच्या दिवशी मी मेहुण्याबरोबर तिथे गेलो होतो. सकाळपासून एकेक होडी दोराने वाळूवर चढत होती. दुपारी फक्त जनाची खाडीत राहिली, खुंटाला बांधलेली. मेहुण्याला राहवेना. तो पुढे जाऊन दोर उचलू लागला.

"जावई, हात खिशात," तांडेल म्हणाले.

"मी फुलपाड्याचा. तुमचा करार मला लागू नाही."

"माज्या घरात जेवता ना? मंग लागू."

मेहुण्याने हात खिशात घातले. जना दूर उभा राहून हे पाहत होता. तो भावाकडे आला आणि एकच वाक्य बोलला, "बुडली तर तुज्या नावानं बुडली." त्यानंतर तो तांडेलांशी बोलला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून तो चंदनसारला एका कारखान्यात रोजीने जाऊ लागला. खाडीकडे तो फिरकेनासा झाला.

खाडीत बांधलेली लाकडी होडी पावसात रोज उपसली नाही तर आतल्या पाण्याने तळाला जाते. जुलैत हिराबाईने बाजारात मला हाक मारून सांगितले की तांडेल रोज सकाळ-संध्याकाळ त्या होडीत उतरून पाणी उपसतात, कापलेल्या तेलाच्या डब्याने, एकटे. तिने आधी तक्रार केली होती. बागेत बैठक झाली, शिक्षकांनी करार मोठ्याने वाचला. ओढायला हात लावायचा नाही, एवढेच त्यात होते. "पानी काडू नये असं कुटं लिवलंय, असं इचारलं त्यानं," हिराबाई म्हणाली. "आमी काय बोलनार? त्याचं वय बगितलंय का तुमी?" ती पाटावरची सुकी मासळी सारखी करू लागली. "आमच्या गावची चार पोरं पाटवली व्हती मी डबे घेऊन. नको म्हनाला. म्हने, शिक्षा आमा दोगा भावांची हाय, वाटून घेतली तर हलकी व्हईल."

त्या मोसमात तिन्ही गावांत दुसरी कोणतीही तक्रार आली नाही. ही माहिती मी तपासून घेतली आहे.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी खाडीवर गेलो. पाऊस थांबला होता. होडी अजून तरंगत होती आणि तिच्यात दोन माणसे होती. पुढच्या टोकाला तांडेल, मागच्या टोकाला जना. दोघांच्या एकमेकांकडे पाठी. दोघे पाणी उपसत होते. मी काठावर बराच वेळ उभा होतो. नंतर तांडेल वर आले आणि माझ्या शेजारी दगडावर बसले. खांदा चोळत होते.

"जना बोलतो का आता?" मी विचारले.

"नाय."

"कधीपासून येतोय?"

"चार दिस झाले. कामावरून येतो, उतरतो, उपसतो, जातो." ते होडीकडे पाहत राहिले. "काल घरून दोन डबे आनले त्यानं. एक मोटा, एक ल्हान. माजा खांदा दुकतो ते त्याला ठावं हाय."

खाली जना पाठमोरा उभा राहून मोठा डबा भरत होता आणि खाडीत रिकामा करत होता. तांडेल उठले, उतारावरून सावकाश खाली गेले आणि होडीच्या पुढच्या टोकाला ठेवलेला लहान डबा त्यांनी उचलला.