पान उलटणाऱ्या बाई

वाद्यवृंदात दोन व्हायोलिनवाल्यांपुढे नोटेशनची एकच वही असते. पान संपत आलं की आतल्या खुर्चीवरच्याने वाजवणं सोडून ते उलटायचं. बाहेरच्याने वाजवत राहायचं. बाई सव्वीस वर्षं आतल्या खुर्चीवर होत्या. पान इतकं बिनआवाज उलटायच्या की सगळे वाखाणत. घरीसुद्धा पान उलटायच्या वेळच्या दोन ओळी आल्या की त्या वाजवणं सोडून फक्त पान उलटायचा सराव करत, आता बोला!

बाहेरच्या खुर्चीवरचे काका निवृत्त झाले आणि तिथे बाई आल्या. पहिल्याच तालमीत पान संपत आलं, तसा सवयीने त्यांचा हात पुढे गेला.

"बाई, तुम्ही वाजवा ना," शेजारची नवी मुलगी कुजबुजली आणि तिने पान उलटलं.

बाईंनी तारांवर गज टेकवला, पण बोटं जागची हलेनात. त्या दोन ओळी कानांना पाठ होत्या, बोटांना पार परक्या.

घरी हे ऐकून नवरा चक्रावला. "मग इतकी वर्षं मी टाळ्या कशाला वाजवल्या गं?"

"तेच तर मला कळेना."

"आता शीक की!"

"मी शिकेन हो," बाई म्हणाल्या. "पण त्या मुलीने पान काय सुरेख उलटलं! मी तिला शाबासकी देऊन बसले."