आप्पांची सकाळची चूळ

माझे सासरे, आप्पा, रोज सकाळी विहिरीचं पाणी चाखत. पहिली कळशी वर आली की चूळभर पाणी तोंडात घ्यायचं, डोळे मिटून घोळवायचं आणि गिळायचं. मग म्हणत, "आज हाय. उद्याचं उद्या बघू." एवढं झाल्याशिवाय आमच्याकडे चहाचं आधण चढत नसे. आमच्या गास गावात पाठीमागे त्यांना 'चूळभर आप्पा' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

मी ठाण्याची, नळाच्या पाण्यावर वाढलेली. नवी सून होते तेव्हा मला हे म्हातारपणाचं खूळ वाटायचं. पण उन्हाळ्यात एखाद्या विहिरीचं पाणी मचूळ, खारट व्हायला लागलं की आप्पांना ते सगळ्यांच्या आधी कळायचं. शेजारीपाजारी तांब्या घेऊन यायचे. आप्पा चाखून सांगत, चार दिवस उपसा कमी कर, नाहीतर पानवेल हातची जाईल. कुणी ऐकलं नाही तर त्याची वेल जायची. आप्पा मात्र "मी सांगितलं होतं" असं कधी म्हणाले नाहीत.

ऐंशी सालच्या पुढेमागे बातमी आली की आमच्या वाडीमागच्या माळावर कचऱ्यापासून खत करायचा कारखाना येणार. शहरातला सगळा कचरा तिथे पडणार. गावात सभा झाल्या, अर्ज झाले. खत तुमच्याच उपयोगाचं, असं आम्हाला समजावलं जाई. आप्पा उठून एकच विचारायचे. "खताला आमची ना नाय. पावसात त्या ढिगातनं झिरपेल ते पानी कुठं जाईल, तेवढं सांगा." सभा पुढच्या विषयावर जाई. आप्पांनी दुपारीही पाणी चाखायला सुरुवात केली, तेव्हा मला खरी भीती वाटली. कारखान्याची अजून वीटही लागली नव्हती.

मग पाहणीला एक साहेब आले. भर उन्हात माळ फिरून आमच्या ओटीवर टेकले आणि पाणी मागितलं. माझी जीभ पहिल्यापासून लांब. वाडीतल्या घरात पाहुण्याला नुसतं पाणी द्यायचं म्हणजे कमीपणा. मी हसत म्हटलं, "आमच्याकडे पाणी कोण पितं, साहेब?" आणि दोन शहाळी सोलून पुढे केली. साहेब खूश होऊन गेले. महिन्याभराने कळलं, अहवालात लिहिलं होतं की येथील रहिवासी विहिरीचे पाणी पिण्यास वापरत नाहीत, सबब हरकत नाही.

घरात कुणी मला बोललं नाही, त्यामुळे जास्तच लागलं. माझ्या एका वाक्याने गावाच्या विहिरी जाणार होत्या. आप्पांनी मला हाक मारली आणि तांब्याचा हंडा लख्ख घासून ठेवायला सांगितलं.

गावाच्या अर्जांवरच्या सुनावणीच्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसले, भरलेला हंडा घेतला आणि मलाही सोबत नेलं. कचेरीत त्याच साहेबांसमोर त्यांनी पेला भरला, आधी स्वतः प्यायले, मग दुसरा भरून टेबलावर ठेवला. म्हणाले, "सून पाव्हन्याला बोलली, साहेब. पाव्हन्याला बोललेलं कागदावर घेत नाय. हे पिऊन मग लिवा." साहेबांनी लेखणी खाली ठेवून पेला उचलला. मग प्यायले. नंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली.

काम पुढील आदेशापर्यंत थांबलं. गावाने पेढे वाटले. आप्पांनी पेढा खिशात ठेवला. "पुढचा आदेश म्हंजे कधीचा?" एवढंच त्यांनी विचारलं. तो आदेश यायच्या धास्तीत त्यांची पुढली सहा-सात वर्षं गेली. माळावर अनोळखी जीप दिसली की ते हातातलं काम टाकून कुंपणाशी जाऊन उभे राहत.

शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी उकळलेलं पाणी द्यायला सांगितलं होतं. एका सकाळी त्यांनी ते तोंडातून बाहेर काढलं. मी विहिरीवर गेले आणि ताजं पाणी आणून चमच्याने पाजलं. त्यांनी डोळे मिटले, घोळवलं, गिळलं. "आज हाय," म्हणाले. मी पुढचं वाक्य ऐकायला थांबले. त्यांनी माझं मनगट धरलं. "उद्या तू बघ."

दुसऱ्या दिवशी आप्पा नव्हते. घरात सुतक, चूल बंद. पहाटे मी विहिरीवर गेले, पाणी तोंडात घेतलं आणि डोळे मिटले. गोड होतं बहुतेक. रडत होते, त्यामुळे खारटपणा कशाचा ते मला कळेना.